दहा मार्कांची दुपार

बबिताला हाक मारली की ती तिसऱ्या हाकेला येते. पहिली तिच्यापर्यंत पोचतच नाही. दुसरी पोचते, पण ती दुसऱ्या कुणाला तरी असेल असं तिला वाटतं. तिसरीला ती वळते, आणि चेहरा असा करते की आपणच तिची झोपमोड केली. मला असली माणसं चालत नाहीत. मी अडतीस वर्षं परभणीत इंग्रजी शिकवलं. घंटा झाली की आत, घंटा झाली की बाहेर. दारात रेंगाळणाऱ्या पोरांना मी कधी वर्गात घेतलं नाही आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. तरी या पोरीवर चार पानं लिहायला बसले आहे, तर तिच्यात काहीतरी असणार, एवढं समजून पुढं वाचा.

पूर्ण नाव बबिता रायभान देवकते. वय सतरा. पिंगळी स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावर माळाला पत्र्याचं घर. घरात वडील रायभान, आई सुगंधाबाई, ही एकुलती एक, आणि साठ-सत्तर मेंढरं. घरातली माणसं सांगताना बबिता मेंढरंही सांगते, म्हणून मीही सांगितली. आई सोयाबीन काढायला, कापूस वेचायला मजुरीनं जाते. मेंढरं बापलेक राखतात. कॉलेज स्टेशनाजवळ, सकाळचं असतं; बारा वाजता सुटलं की बबिता सरळ माळावर.

अकरावीला प्रवेश घेताना कारकुनानं विषयांची यादी पुढं केली. बाकीचे विषय ठरले, एक राहिला. यादीच्या तळाशी ‘इंग्रजी साहित्य’ असं लिहिलेलं होतं. तो विषय कित्येक वर्षांत कुणी घेतला नव्हता आणि यादीतून काढायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

“ह्यात काय असतंय?” तिनं विचारलं.

“गोष्टी अन् कविता. इंग्रजीत.”

“निस्त्या गोष्टी अन् कविता? परीक्षेला?”

“हां, परीक्षेला.”

“मंग हेच द्या.”

कारकुनाला वाटलं पोरगी थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती. गोष्टी वाचायच्या, त्यावर कुणीतरी आपल्याला प्रश्न विचारणार, आणि याला अभ्यास म्हणणार, हे तिला इतकं खुळ्यासारखं चांगलं वाटलं की घरी जाईपर्यंत ती एकटीच हसत होती. हे तिनंच मला पुढं कधीतरी सांगितलं.

अकरावीचं वर्ष तासावर येणाऱ्या एका मास्तरनं कसंबसं ओढलं आणि तो दुसरीकडं नोकरी लागून गेला. बारावी सुरू झाली तसे प्राचार्य किशनराव माझ्या घरी आले. किशनराव माझा विद्यार्थी. आता डोक्यावर काळा केस उरला नाही, तरी माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवरच टेकतो.

“मॅडम, एकच पोरगी आहे हो त्या विषयाला. आठवड्यातून दोन दिवस आलात तर. मंगळवार, शुक्रवार, दुपारी. तुम्ही रिकाम्याच—”

“मी रिकामी नसते. आणखी काय ते बोल. तुझं तोंड सांगतंय पुढं काहीतरी आहे.”

मग त्यानं खरं सांगितलं. कॉलेजचा बारावीचा निकाल सहा वर्षं शंभर टक्के. त्याचा फ्लेक्स गेटवर. एक पोरगी एका विषयात गेली की फ्लेक्स उतरला. म्हणून त्याची अट अशी की दिवाळीआधीच्या परीक्षेत बबिता या विषयात पास झाली तर बोर्डाच्या फॉर्मवर विषय राहील. नापास झाली तर फॉर्म भरायच्या आत विषय बदलून शिक्षणशास्त्र.

“त्याचं गाइड मिळतं, मॅडम. पाठ करून पोरं निघतात.”

“निघतात म्हणजे कुठं जातात?” मी विचारलं.

बबिताला ही अट मी पहिल्याच मंगळवारी सांगून टाकली. लपवाछपवी मला जमत नाही. तिनं ऐकलं, खिडकीबाहेर बघितलं आणि मग विचारलं, “विषय गेला तर मंगळवार-शुक्रवार बी जाईल का?”

“तासच नाही तर येशील कशाला?”

“मंग बाबा मेंढरामागंच ठिवतील. कॉलेजचा तास हाय म्हणून सोडायलेत.” थोड्या वेळानं, “पुस्तक बी वापस द्यावं लागंल?”

“लागेल. पुस्तक कॉलेजचं आहे.”

तिनं पुस्तकावर हात ठेवला. तक्रार नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. हात तेवढा तास संपेपर्यंत तिथंच होता.

आमचा तास वाचनालयाच्या खोलीत असायचा. तीन कपाटं, एक लांब टेबल, आणि पश्चिमेची खिडकी. दोन वाजता ऊन खिडकीच्या गजांवर असायचं, तीनला टेबलावर उतरायचं, आणि चारच्या सुमाराला तिच्या वहीवरून सरकत सरकत भिंतीला लागायचं. मधे कधीतरी पूर्णेकडं जाणारी गाडी शिट्टी मारायची. त्या खोलीत माझं मनगटावरचं घड्याळ मला परकं वाटायला लागलं. मी वेळ बघायची, आणि बघून झाल्यावर किती वाजले ते आठवायचं नाही.

या विषयाचं गाइड परभणीतल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण घेणारं कुणी नाही. तिचं नशीब. तयार उत्तरं मिळत नाहीत म्हटल्यावर पोरीला पुस्तकच वाचावं लागलं. पण तिच्या वाचण्याला वाचणं म्हणावं का, हा मला सुरुवातीला प्रश्न होता. एक ओळ वाचायची, अडलेला शब्द मोबाईलवर बघायचा, पेन्सिलनं बारीक अक्षरात बाजूला मांडायचा, आणि मग समोरच्या भिंतीकडं बघत बसायचं. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

“काय चाललंय?” मी ओरडायची.

“त्या घरात शिरायलेय, मॅडम.”

“कुठल्या घरात?”

“गोष्टीतल्या. चौकटीला वाकावं लागतंय.”

गोष्टीत चौकटीविषयी अक्षर नव्हतं. घर गरिबाचं आहे एवढं लेखकानं लिहिलं होतं. चौकट हिनं बसवली होती.

आणखी एक खोड. ती गोष्टीतली माणसं मोजायची. गोष्ट संपली की बोटांवर सगळ्यांना एकदा आणायचं, कोण कुठं राहिलं ते बघायचं. एका गोष्टीत तिसऱ्या पानावर एक म्हातारी दाराशी शेंगा सोलत बसलेली आहे. नायकाला रस्ता दाखवते आणि मग नाहीशी होते.

“मॅडम, ती म्हातारी कुठं गेली?”

“कुठं नाही. लेखक विसरला.”

“इसरला?” बबिता माझ्याकडं अशी बघत राहिली की विसरण्यात माझाही हात असावा. “संध्याकाळी एक मेंढरू कमी आलं तर बाबा जेवू देत न्हाईत. पयलं हुडकून आण म्हणतेत.”

तो शुक्रवार आमचा त्या म्हातारीत गेला. तिच्या शेंगा कोणत्या, सोलून कुणाला द्यायच्या, नायकानं परतताना तिला का विचारलं नाही. मी इतकी वर्षं ती गोष्ट शिकवली, म्हातारी माझ्या ध्यानातही नव्हती. आता ती गोष्ट आठवली की नायक आठवत नाही, म्हातारीच आठवते.

सप्टेंबरच्या अखेरीस ती कविता आली. कवी कोण ते जाऊ द्या. फार जुना, फार थंड देशातला. कवितेत उन्हाळ्यातली दुपार आहे. पहिल्या कडव्यात डोंगर. दुसऱ्यात मेंढ्या, पांढऱ्या, एका जागी इतक्या स्तब्ध की ढगच उतरून गवतात अडकला आहे. तिसऱ्यात झाडाखाली झोपलेला मेंढपाळ, हातातून पावा निसटलेला. चौथं कडवं लहान आहे आणि ते घंटेच्या तोंडावर येतं. माझ्या नोकरीत ही कविता तीनदा अभ्यासक्रमात आली आणि तीनदा गेली. तिन्ही वेळा मी चौथं कडवं एका वाक्यात उरकलं: निसर्ग आपल्या लेकराला सावलीचं पांघरूण घालतो. संपलं. खडू खाली.

बबिता दुसऱ्या कडव्यालाच गप्प झाली. मी पुढं वाचत गेले. तिचं लक्ष नव्हतं. पण तिचं लक्ष नसणं हे काही नवीन नव्हतं.

“कळलं का?”

“व्हय,” ती म्हणाली आणि पुस्तक मिटून घेतलं.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. पेपर मी तपासणार नाही, असं किशनरावनं ठरवलं. “तुमचं मन पोरीकडं ओढणार, मॅडम.” खरंच होतं ते. पेपर गेला महारुद्र सरांकडं. हे कॉलेजात सक्तीचं इंग्रजी शिकवतात, पूर्णेहून रोज गाडीनं ये-जा करतात. तेही माझेच विद्यार्थी. सज्जन माणूस. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं, आणि दोन्ही चालू.

ऐंशीपैकी पास व्हायला अठ्ठावीस लागतात. बबिताला चोवीस पडले. दहा मार्कांच्या एका प्रश्नाला शून्य. प्रश्न होता, ‘या कवितेतील शांतीचे वर्णन करा.’ तिचं उत्तर सात ओळींचं होतं. इंग्रजी मोडकं, पण अर्थ लख्ख. मराठीत सांगते:

‘या मेंढ्या शांत नाहीत. त्यांना ऊन लागलं आहे. ऊन लागलं की त्या अशाच उभ्या राहतात. कवीनं जवळ जाऊन बघायला पाहिजे होतं. मी रोज बघते. कवी खोटं सांगतो. म्हणून मला शांतीचं वर्णन करता येत नाही.’

वाचून मला आधी राग आला. चार मार्कांसाठी दोन वाक्यं खोटी लिहिली असती तर काय बिघडलं असतं? मग मी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. आणि उठून महारुद्रला गाठलं.

“शून्य?”

“मॅडम, मुद्दे पाच आहेत.” त्यानं बोटं उघडली. “शांती, निसर्गाशी एकरूपता, रंग, नाद, कवीचा भाव. हिनं एकपण मुद्दा लिहिला न्हाई. वर कवीला खोटारडा म्हणते.”

“पाच मुद्दे कुणी सांगितले तुला?”

तो लाजला. “तुम्हीच, मॅडम. वही आहे अजून माझ्याकडं. चौऱ्याण्णव सालची.”

मी म्हटलं, “चल.”

“कुठं?”

“मेंढरं बघायला.”

“मॅडम, माझी दीडची गाडी—”

“गाडी रोज असते.”

आम्ही रिक्षा केली. माळाच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं हात टेकले, पुढं पायी. ऑक्टोबरची साडेबारा-एकची वेळ. आभाळाला रंग नव्हता. सोयाबीन निघालेली रानं मोकळी पडलेली, त्यांच्यावर हवा पाण्यासारखी हलत होती आणि त्या हलण्यात दूरचे विजेचे खांब वाकत होते, सरळ होत होते. कुठं आवाज नाही. माझ्या स्वतःच्या चपलांचा आवाज मला फार मागून आल्यासारखा वाटत होता. मग त्या थरथरीत काळा ढग दिसला. जमिनीवर टेकलेला. न हलणारा.

“मॅडम,” महारुद्र हळूच म्हणाला, “अगदी कवितेतल्यासारखं.”

“जवळ चल.”

जवळ गेलो तसा ढग फुटून त्याच्या पाठी झाल्या, पाय झाले. मेंढरं एकमेकींना चिकटून गोल उभी. एकीचंही तोंड दिसत नव्हतं. प्रत्येकीनं मान खाली घालून डोकं शेजारणीच्या पोटाखाली खुपसलेलं. कुशी भराभर वरखाली होत होत्या. त्या सगळ्या घोळक्यातून धापेचा एकच बारीक आवाज येत होता.

रायभान काठीवर हनुवटी टेकून उन्हात उभा होता. बबिता नुकतीच कॉलेजातून आलेली, खांद्याला पिशवी तशीच. आम्हाला बघून ती घाबरली. बापाला कारण ठाऊक नव्हतं, त्यानं डोक्याचा पटका सावरून रामराम घातला.

“मॅडम, तुमी? एवढ्या उन्हात? पोरीनं काय केलं?”

“काही नाही. या सरांना विचारायचं आहे की मेंढरं अशी का उभी आहेत.”

रायभाननं महारुद्रला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मास्तर माणसाला एवढं ठाऊक नसावं याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

“ऊन लागलंय, सर. आंगाला लोकर हाय, आंग सोसतंय. डोस्क्याला काय हाय? डोस्कं तापलं की मेंढरू खलास. मंग घालतेत एकमेकीच्या खाली. आपली सावली आपल्याला कामाला येत न्हाई, शेजारणीची येती.”

“लांबून किती शांत वाटतात हो,” महारुद्र म्हणाला.

“लांबून काय, काईबी वाटतंय.” मग त्यानं लेकीकडं बघितलं. “पण ह्ये विचारायला कॉलेज हितवर आलं? पुस्तकात मेंढरं हायती का?”

“हायती,” बबिता म्हणाली. “कवितेत.”

“काय लिवलंय?”

ती सांगू लागली. इंग्रजी कविता, मोकळं रान, समोर बाप. बोलताना तिचे डोळे कुठंतरी पलीकडं लागलेले.

“एक डोंगर हाय, बाबा. हिरवागार.”

“पाऊस झालाय म्हणा.”

“अन् मेंढरं हायती. पांढरी.”

“पांढरी?”

“त्यांच्याकडं पांढरी असतेत.”

“असूंदेत.”

“ती सगळी एका जागी उबी. हलत न्हाईत. जसं काय ढगच खाली येऊन गवतात गुतलाय.”

“ऊन हाय तर मग. मेंढका कुठाय?”

“झोपलाय.”

“झोपलाय?” रायभाननं काठी उचलली. “मेंढरं डोस्की लपवून उबी अन् ह्यो भाद्दर झोपलाय? काढून टाका त्याला. कुणाचा हाय त्यो?”

महारुद्रला हसू आवरेना. मलाही.

“ऐका तर, बाबा. शेवटाला असं हाय की डोंगराला झाड एकच हाय. अन् त्याची सावली हाय ती सगळी… ती सगळी त्याच्या…”

बबिता थांबली.

तिची नजर बापाच्या मागं गेली. तिथं एक बाभूळ होती, माळावरची तेवढी एकच. तिच्या बुडाशी चिमूटभर सावली, आणि त्या सावलीत आठ-दहा कोकरं आणि एक लंगडी मेंढी दाटीनं बसलेली. रायभान सावलीच्या बाहेर उभा होता. तो तिथंच उभा असणार, रोज.

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. आम्ही तिघं बघत उभे. तिनं चौथं कडवं वाचलं. मग पुन्हा वाचलं, बोट ठेवून. मी मनात म्हटलं, कारण मला ते पाठ होतं: झाड एकच, त्याची सावली झोपलेल्याच्या अंगाला काठोकाठ पुरली, आणि मेंढ्यांनी आपापली तोंडं एकमेकींच्या सावलीत ठेवली. तीन वेळा मी हे वर्गात म्हटलं होतं. पांघरूण, लेकरू, खडू खाली.

“मॅडम,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान. “कवीला ठाव होतं.”

“काय?”

“ऊन. तोंडं लपवल्याली त्यानं बघितल्यात. झाड कुणी घेतलं ते बी बघितलंय. ठाव न्हाई ते त्या झोपल्याला.” ती खाली बघत होती. “म्या कवीला खोटं म्हणलं. म्या शेवटचं कडवं नीट वाचलंच न्हाई. मेंढरं आली अन् म्या त्यांच्यातच थांबले.”

एक मेंढी घोळक्यात खोल गेली, बाकीच्यांनी जागा केली, आणि परत सगळं तसंच.

“मग शांती?” महारुद्रनं विचारलं. त्याच्यातला मास्तर पाच मुद्दे सोडायला तयार नव्हता, बिचारा.

“शांती हाय की, सर. त्या झोपल्याची हाय.”

महारुद्रनं खिशातलं लाल पेन काढलं, त्याच्याकडं बघितलं, परत ठेवलं. “मॅडम, आता मी हिला किती देऊ?”

“त्या उत्तराला कशाला देताव, सर?” मी तोंड उघडायच्या आत बबिताच बोलली. “ते चूकच हाय.”

असा संताप आला मला! चार मार्क पाहिजेत, मास्तर द्यायला तयार उभा आहे, आणि ही बया नको म्हणते. मी तिला चार शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही. तिनं ते ऐकून घेतले. ऐकले की नाही देव जाणे.

महारुद्रनं मात्र मान हलवली. “बरोबर आहे तिचं. मार्क वाढवत न्हाई. सोमवारी नापासांची फेरपरीक्षा आहे, सकाळी आठला. पेपर मी काढतो. फॉर्मची शेवटची तारीख तीच. आठला बस, दुपारपर्यंत तपासून देतो.”

“सोमवारी न्हाई जमायचं,” रायभान म्हणाला.

झरीच्या एका शेतकऱ्याला त्यानं शब्द दिला होता. रिकाम्या रानात मेंढरं मुक्कामाला बसवतात, लेंड्यांचं खत पडतं, शेतकरी बदल्यात ज्वारी घालतो. ठरल्या दिवशी कळप पोचला नाही तर तो दुसऱ्याचा बोलावतो, आणि पुढच्या साली विचारतसुद्धा नाही. दोन दिवसांची चाल. सोमवारी सकाळी निघायलाच पाहिजे. रस्त्यानं मेंढरं न्यायची तर एक माणूस पुढं लागतं, एक मागं. पुढं बबिता. मेंढरं तिच्याच मागं चालतात, दुसऱ्या कुणाच्या नाही.

बबितानं पुस्तक पिशवीत घातलं. मी रायभानला अडवणार तरी कशी? त्याचा शब्द गेला तर मी थोडीच ज्वारी घालणार होते? ऊन जागचं हलत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. सूर्य जरासा कलला असावा, कारण कडेच्या दोन मेंढ्यांनी डोकी बाहेर काढली आणि आमच्याकडं बघितलं.

“त्यो उठतो का न्हाई शेवटाला?” रायभाननं एकदम विचारलं.

“कोण, बाबा?”

“त्यो झोपल्याला.”

“न्हाई. कविता तिथंच संपती.”

“मंग मेंढरांचं काय झालं?”

“ते लिवलं न्हाई.”

“असं कसं? अर्ध्यातच सोडलं?”

“तसंच असतंय. म्होरं आपुन इचार करायचा.”

रायभाननं बराच वेळ काठीनं जमीन उकरली. “तुझ्या मायला म्हणावं सोमवारी मजुरीला जाऊ नको. म्होरं ती चालंल.”

“तिच्यामागं येत न्हाईत की.”

“तुझी ती पिवळी ओढणी दे तिला. डोक्यावरून घेऊन चालंल. मेंढरू वासावर अन् रंगावर चालतंय, तोंड कोण बघतंय?”

सोमवारी आठला बबिता वाचनालयाच्या खोलीत बसली. दुसरं कुणी त्या विषयात नापास नव्हतंच, कारण दुसरं कुणी नव्हतं. देखरेखीला महारुद्र, आणि मी दारात खुर्ची टाकून. तिनं पेपर वाचला. नेहमीसारखी भिंतीकडं बघत राहिली. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. महारुद्र माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. मग तिनं लिहायला घेतलं.

नऊनंतर रस्त्यावर घुंगरांचा आवाज आला. मी उठून बघितलं. पुढं सुगंधाबाई, डोक्यावरून पिवळी ओढणी, लेकीसारखं चालायचा प्रयत्न करत; मागं काळ्या पाठीच पाठी, आणि सगळ्यात मागं धुळीत रायभान. कॉलेजच्या फाटकापर्यंत सगळं ठीक होतं. फाटकासमोर म्होरकी मेंढी थांबली. तिनं नाक वर केलं. मग सगळ्याच थांबल्या. सुगंधाबाईनं ओढून बघितलं, हाका मारून बघितल्या, पण काही उपयोग नाही. मेंढरं कॉलेजकडं तोंड करून उभी राहिली आणि ओरडायला लागली. मागून बसचा हॉर्न.

मी आत बघितलं. बबिताचं पेन थांबलं होतं. उठेल, मला वाटलं. उठली असती तर मी तिला बोलले नसते.

तिनं वहीवरची मान वर केली नाही. जीभ टाळूला लावून तोंडानं मेंढरांना चालायला सांगणारा एक लांब, चढत जाणारा आवाज काढला, खिडकीच्या बाहेर, रस्त्याच्या बाहेर, थेट झरीपर्यंत पोचेल असा. आणि पेन पुढं चाललं.

बाहेर ओरडणं बंद झालं. घुंगरं एकदा थबकून हलली, मग एका लयीत दूर जाऊ लागली.

“परीक्षेत बोलायचं न्हाई,” महारुद्र सवयीनं म्हणाला. मग घसा साफ करून, “मेंढरांशी चालंल.”

तिनं साडेचार पानं लिहिली. महारुद्र तो पेपर घेऊन खिडकीपाशी उभ्या उभ्या तपासत होता. कितीतरी वेळ लाल पेनाचं टोपण त्यानं काढलंच नाही. मी विचारलं, किती? तो म्हणाला, जरा थांबा, परत वाचतोय. पास होण्यापुरते मार्क कधीच होऊन गेले होते. किशनरावनं फॉर्म आणला, विषयाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं इंग्रजी साहित्य लिहिलं, आणि बबितानं खाली सही केली.

“मंगळवारी तास आहे,” मी म्हटलं. “मेंढरं झरीच्या वाटेला असली तरी. बसनं यायचं.”

“व्हय.”

ती निघाली. कळप गाठायला बसची वाट बघायचं म्हणाली होती, पण फाट्यावर थांबलीच नाही, चालतच पुढं गेली. पिशवी खांद्याला, पुस्तक उघडं हातात. दुपार माथ्यावर आली होती. झरीच्या वाटेला कळपाची धूळ अजून पुरती खाली बसली नाही असं वाटत होतं. ती त्या पिवळट धुळीत शिरली, आणि मी फाटकाशी उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.